दिवाळी दरवर्षी येते, तरी आपण दरवर्षी दचकतो

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ बऱ्यापैकी काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

आज रेकॉर्डिंग मुदखेडहून करतोय, त्यामुळं मध्येच रेल्वेचा हॉर्न ऐकू आला तर समजून घ्या. जंक्शन आहे, इथं गाड्यांना रात्र-दिवस काही कळत नाही. आणि हो, मुदखेड. मुखेड वेगळं. ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात पूर आला तेव्हा पुण्याच्या ऑफिसातल्या अर्ध्या लोकांनी मला ‘घरचे ठीक आहेत ना?’ म्हणून विचारलं. घरचे ठीक होते. शेत ठीक राहिलं नाही, पण ते सप्टेंबरमध्ये. त्याच्यावर शेवटी येतो.

दसरा झाला. दिवाळी पंधरा दिवसांवर आलीय. बऱ्याच जणांनी मेसेज केलेत की ‘दादा, सणात पैसे कसे वाचवायचे यावर एक भाग कर.’ मी टाळत होतो, कारण या विषयावरचे व्हिडिओ मीही बघितलेत. बाहेरचा चहा बंद करा, यादी करून बाजारात जा, ऑफर बघा. चुकीचं काही नाही त्यात. पण आमच्या घरात गेल्या वर्षी जो पैसा गेला तो चहात गेला नव्हता. तो कुठं गेला हे कळायला आम्हाला दिवाळी उलटून आठ दिवस लागले. आज तीच गोष्ट सांगतो, आकड्यांसकट. अण्णांना विचारून सांगतोय. ते म्हणाले, “सांग की, लपवायचं काय त्यात.”

तर २०२४ ची दिवाळी. लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं. मी पुण्याहून ट्रॅव्हल्सनं आलो. एरवी हजाराच्या आत-बाहेर मिळणारं तिकीट मी २,६०० ला घेतलं, कारण रेल्वेचं वेळेवर काढलं नाही. नांदेडला कॉलेजात असलेल्या धाकट्या भावासाठी १८ हजारांचा फोन घेतला, ‘नो कॉस्ट ईएमआय’वर. लातूरहून ताई-दाजी आणि भाची आली. कपडे, साड्या, फटाके, फराळ. घराला रंग दिलेला. मस्त दिवाळी झाली, खोटं कशाला बोलू.

भाऊबीज झाली, ताई लातूरला गेली. मी मागच्या खोलीत चार्जर शोधत होतो. ती खोली म्हणजे आमचं गोदाम. दरवर्षी त्या दिवसांत तिथं सोयाबीनची थप्पी असते. खोली रिकामी.

“अण्णा, सोयाबीन कुठंय?”

“इकलं.”

“कधी?”

“धनत्रयोदशीच्या आधी. तू यायलास, ताई यायली, घरात पैसा नको का?”

बारा क्विंटल होतं. काढणी होऊन आठ दिवस पण झाले नव्हते, माल ओला होता. आडतीवर मशीन लावलं, ओलावा १६ टक्के निघाला, भाव लागला ३,९५० रुपये. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२. म्हणजे क्विंटलमागं ९४२ रुपयांचा फरक.

आता मी इंजिनिअर माणूस, लगेच गुणाकार केला: बारा गुणिले ९४२, अकरा हजार तीनशे. अण्णा हसले. म्हणाले, “वाळल्यावर वजन घटतंय की रे.” बरोबर आहे. १६ टक्के ओलाव्याचं बारा क्विंटल १२ टक्क्यांवर आणलं तर साधारण साडेअकरा क्विंटल भरतं. म्हणजे खरा फरक साडेआठ-नऊ हजारांचा. त्यातून हमाली, टेम्पो, केंद्रावरचा हेलपाटा वजा करा. आणि हेही सांगायला पाहिजे की हमीभाव केंद्रावर माल देणं काही फोनवर ऑर्डर करण्याइतकं सोपं नसतं. ऑनलाइन नोंदणी, सातबारा, पीकपेरा, मग मेसेजची वाट. गेल्या वर्षी बारदाना संपला म्हणून ठिकठिकाणी खरेदी अडकली होती. पण खरेदी जानेवारीतही चालू होती, आणि नोव्हेंबरमध्ये ओलाव्याची अट १२ वरून १५ टक्क्यांपर्यंत सैल झाली होती. थांबता आलं असतं तर सहा-सात हजार रुपये घरात आले असते, अगदी कमीत कमी धरून.

अण्णा थांबले नाहीत, कारण दिवाळी थांबत नाही. आणि मी येणार होतो.

मला तिथं जे टोचलं ते वेगळंच होतं. मी फोन ईएमआयवर घेतला होता, कारण माझ्या खात्यातही पैसे नव्हते. घरी मात्र असं दाखवलं की पोरगं पुण्यात झकास कमावतंय. अण्णांनी सोयाबीन विकलं, कारण पोराला घरात कमी पडू नये. म्हणजे मी त्यांच्यापासून लपवत होतो, ते माझ्यापासून. दोघंही एकमेकांसाठीच पैसा घालवत होतो आणि दोघांचाही तोटा होत होता. आईला दोन्हीकडचं माहीत होतं. तिला कुणी विचारलंच नाही.

मग आम्ही बसलो. महाराष्ट्रातल्या किती घरांत बाप-लेक पैशाच्या विषयावर न भांडता बसतात मला माहीत नाही, आम्ही पहिल्यांदाच बसलो. मी माझं यूपीआयचं स्टेटमेंट काढलं, गणपती ते भाऊबीज. आईनं किराणा दुकानाची वही आणली. अण्णांनी तोंडी सांगितलं, त्यांचं सगळं डोक्यात असतं. बेरीज झाली ५५,५०० रुपये, भावाचा फोन सोडून. यात सगळ्यात मोठा आकडा कपड्यांचा, १३,२००. त्याखाली ओवाळणी, साड्या, आहेर. फराळ आणि किराणा ८,४००. आणि ६,२०० रुपये असे की कशावर गेले ते कुणालाच आठवेना. मी दोनदा बेरीज केली, भाऊ म्हणाला कॅलक्युलेटर बिघडला असंल.

आता तुम्ही म्हणाल, फराळ कमी करा, फटाके कमी करा. फटाके कमी केले, ठीक आहे. पण बघा, फराळात अगदी मन मारून काटकसर केली तर हजार-बाराशे वाचतील. ओल्या सोयाबीनमध्ये एका सकाळी त्याच्या पाचपट गेले. म्हणून माझं म्हणणं असं आहे की आपल्याकडच्या घरांत सण महाग पडतो तो खरेदीमुळं कमी आणि पैसा चुकीच्या वेळी उभा करावा लागतो म्हणून जास्त. तारीख सगळ्यांना माहीत असते. कालनिर्णय भिंतीवर टांगलेलं असतं. तरी आश्विन लागला की आपण असे दचकतो जणू पाहुणा न सांगता आला.

चुकीच्या वेळी पैसा उभा करायचे आपल्याकडं तीन रस्ते आहेत. माल घाईत विकणं, उचल किंवा व्याजानं घेणं, आणि ईएमआय. पहिला सांगितला. बाकीचे दोन उलगडून सांगतो.

व्याजाची आपली गावाकडची भाषा फार गोड आहे. ‘शेकडा दोन’, ‘शेकडा तीन’. ऐकायला किती बारीक वाटतं. पण ते महिन्याला असतं. शेकडा दोन म्हणजे वर्षाला २४ टक्के, शेकडा तीन म्हणजे ३६. दिवाळीला २० हजार शेकडा तीननं घेतले आणि चार महिन्यांनी परत केले, तर नुसतं व्याज २,४००. आडतीवरून उचल घेतली तर कधी कधी व्याज लावतच नाहीत. छान वाटतं. पण मग माल त्याच आडतीवर घालावा लागतो, आणि भावात घासाघीस करायला तोंड उरत नाही. व्याज तिथं वसूल होतं, फक्त पावतीवर दिसत नाही.

याला एक सरळ पर्याय आहे आणि तो आपल्या पिढीतल्या बऱ्याच जणांना माहीतच नाही: शेतमाल तारण कर्ज योजना. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची आहे, १९९०-९१ पासून चालू आहे. आपला वाळवलेला माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा. सोयाबीन, तूर, हरभरा, हळद अशा मालावर त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सहा महिन्यांसाठी, ६ टक्के व्याजानं. वर्षाला ६ टक्के बरं का, शेकडा सहा नव्हे. आमच्या साडेअकरा क्विंटलचा हिशोब करून बघा. क्विंटलला ४,००० रुपये धरले तर माल झाला ४६ हजारांचा, त्यावर कर्ज ३४,५००. तीन महिन्यांचं व्याज साधारण ५२० रुपये. माल शेतकऱ्याचा स्वतःचा लागतो, व्यापाऱ्याचा चालत नाही. सगळ्याच बाजार समित्या ही योजना राबवतात असं नाही, त्यामुळं आपल्या समितीत जाऊन विचारायचं. अण्णांना विचारलं तर म्हणाले, “नाव ऐकलं व्हतं, पण ते मोठ्या लोकांचं असंल म्हणलं.” ते मोठ्या लोकांचं नाही. पण भाव पुढं वाढेलच याची खात्री कुणी देत नाही, गेल्या वर्षी खुल्या बाजारात भाव नंतरही फारसा वर आला नाही. फायदा झाला तो माल वाळवून हमीभावाला दिला त्यांचा. आणि माल वाळायला उन्हाचे दिवस लागतात, तेवढे दिवस तरी घरात दुसरा पैसा पाहिजेच.

आता माझा ईएमआय. ‘नो कॉस्ट’ लिहिलेलं होतं म्हणून मी निवांत होतो. रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलंय की शून्य टक्के व्याज म्हणून कर्ज विकू नका, कारण व्याज कुठंतरी लपलेलंच असतं. मग दुकानं काय करतात, तर व्याजाइतकी सूट आधी देतात आणि बँक ते व्याज नंतर घेते. १८ हजारांचा फोन, सहा महिने, महिन्याला ३,०००. समजा बँकेचा दर १६ टक्के. तर कर्ज खरं १७,१८९ रुपयांचं आणि व्याज ८११. हे ८११ दुकानानं सूट म्हणून दिले, हिशोब बरोबर. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, १४६ रुपये, तो आपण भरतो. वर प्रोसेसिंग फी १९९ असेल तर तिच्यावरही जीएसटी, झाले २३५. म्हणजे फुकटची किंमत ३८१ रुपये. मोठी रक्कम नाही, मान्य. पण रोख दिले असते तर तीच सूट माझ्या खिशात राहिली असती, हे कुणी सांगत नाही. आणि खरा खर्च म्हणजे पुढचे सहा महिने माझ्या पगारातून ३,००० जात राहिले. त्या सहा महिन्यांत मी घरी काही पाठवू शकलो नाही. शेंगदाण्याच्या टरफलाएवढा आकडा, पण तो दर महिन्याच्या पाच तारखेला येतो.

मग आम्ही काय केलं. वर्षाला ५५ हजार लागतात तर महिन्याला साडेचार हजार बाजूला टाकायचे, असं मी लगेच मांडलं. व्हिडिओत असंच सांगतात. अण्णा म्हणाले, “मला कुठं म्हयन्याला पगार व्हतो?” आणि इथं बहुतेक सल्ले कोसळतात. ते पगारदाराला धरून दिलेले असतात. शेतीच्या घरात पैसा महिन्याला येत नाही, झटक्यात येतो. सोयाबीन आलं की, हळद गेली की, फुलं चालली की. म्हणून आम्ही ठरवलं की ज्याचा पैसा जसा येतो तसा त्यानं टाकायचा. मी दर महिन्याला २,५०० ची आरडी. अण्णांनी उन्हाळ्यात हळद विकली की तेव्हाच ८ हजार पोस्टात टाकायचे, दिवाळीच्या नावानं. आणि आईची भिशी.

आईच्या भिशीवर जरा थांबतो, कारण आपण पोरं तिला हसतो. वीस बायका, ५०० रुपये, महिन्याला दहा हजारांची एक चिठ्ठी. व्याज शून्य. पण आईनं मैत्रिणीशी नंबर बदलून आश्विनातला घेतला. म्हणजे दिवाळीच्या तोंडावर हातात दहा हजार. सगळ्यात जुनं वित्तीय नियोजन आमच्या घरात तिचंच होतं! बोलीची भिशी मात्र वेगळी. तिथं ज्याला घाई तो कमी रकमेवर उचलतो, राहिलेली रक्कम बाकीच्यांत वाटली जाते. दहाची भिशी साडेआठला उचलली तर ते दीड हजार म्हणजे व्याजच. १९८२ च्या चिट फंड कायद्यानं चिट नोंदवावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर १८ हजारांपर्यंतच्या छोट्या भिशीला त्यातून सूट आहे. पण कायद्यापेक्षा महत्त्वाचं हे, की जिचं दार तुम्हाला माहीत आहे अशाच बायकांत आई खेळते. व्हॉट्सॲपवर अनोळखी माणसानं चालवलेल्या लाखाच्या भिशीत पैसे टाकू नका, प्लीज.

सोन्याच्या अकरा महिन्यांच्या योजनेबद्दलही बरेच विचारतात. अकराच महिने का, तर कंपन्यांना मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांच्या आत चुकती करावी लागते, नाहीतर ती ठेव धरली जाते. दुकान चांगलं असेल तर योजना चांगली. पण सराफ म्हणजे बँक नाही. २०१९ च्या दिवाळीच्या तोंडावर ठाणे-डोंबिवलीकडे एका मोठ्या सराफी पेढीची दुकानं अचानक बंद झाली आणि लोकांचे हप्ते अडकले. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. सराफाकडच्या हप्त्याला नसतो, पतसंस्थेतल्या ठेवीलाही नसतो. मराठवाड्यात मल्टिस्टेटमध्ये पैसे अडकलेलं एक तरी घर प्रत्येकाच्या ओळखीत आहे, जास्त सांगायची गरज नाही. बारा टक्के व्याज ऐकलं की दोन पावलं मागं सरका.

आता आमच्या प्लॅनमधला बग. मी मोठ्या ऐटीत दिवाळी झाल्यावर, ११ नोव्हेंबरला, बारा महिन्यांची आरडी सुरू केली. म्हणजे ती मिळणार ११ नोव्हेंबर २०२५ ला. आणि २०२५ चं लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला! आमच्या आईला हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं, तिला पंचांग पाठ आहे. मला अकरा हप्त्यांवर आरडी मोडावी लागली आणि बँकेनं व्याज कापून दिलं. साधारण २८,२०० हातात आले. दोन-तीनशे रुपयांचा धडा. त्यामुळं तुम्ही आरडी काढणार असाल तर दहा महिन्यांची काढा. २०२६ मध्ये अधिक महिना आहे, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येतंय, म्हणजे निवांत वेळ मिळेल. पण त्यापुढच्या वर्षी दिवाळी परत मागं सरकणार.

प्रवासाचं पटकन सांगतो. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. १७ ऑक्टोबरला, वसुबारसेला निघायचं होतं, तर मी १८ ऑगस्टला सकाळी आठला लॉग-इन करून बसलो होतो. मिळालं तिकीट. नाही मिळालं तर एसटी आहे. आईला अर्धं तिकीट, महिलांना १७ मार्च २०२३ पासून ती सवलत आहे. आजी पंचाहत्तरीच्या पुढची असेल तर तिला फुकट. आणि ट्रॅव्हल्सवाल्याला एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही, असा शासनाचा २०१८ चा आदेश आहे. माझ्याकडून गेल्या वर्षी किती घेतले ते वर सांगितलंच. तक्रार मी केली नाही, रात्री अकरा वाजता बॅग घेऊन उभा असताना कोण करतो.

जीएसटीचं काय, हा प्रश्न सगळ्यांचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदललेत ते खरं आहे. साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ वरून ५ टक्क्यांवर आलं. तूप, लोणी, फरसाण, सुकामेवा १२ वरून ५. अडीच हजारांपर्यंतचे कपडे आणि चपला आता ५ टक्क्यांत. मोठे टीव्ही आणि एसी २८ वरून १८. मोबाइलचा दर बदललेला नाही, तो १८ होता आणि १८ च आहे, त्यामुळं ‘जीएसटी ऑफर’ म्हणून कुणी फोन विकत असेल तर ती त्याची स्वतःची ऑफर. सोनंही ३ टक्क्यांवरच. किराणा दुकानात जुन्या छापील किमतीचा माल असतो, तेव्हा नवा दर विचारून घ्यायचा, लाजायचं नाही. टीव्हीचं सांगतो, मूळ किंमत २५ हजार असेल तर पूर्वी ३२ हजारांना पडायचा, आता साडे एकोणतीसला. अडीच हजार वाचले? घ्यायचाच होता तर वाचले. घ्यायचा नव्हता तर साडे एकोणतीस गेले. भावाला हे समजवायला मला अख्खी संध्याकाळ लागली.

रेशनवरचा आनंदाचा शिधा २०२५ च्या दिवाळीत नाही. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, हरभरा डाळ, साखर एकेक किलो आणि लिटरभर पामतेल मिळालं होतं. शेजारच्या काकू अजून त्याची आठवण काढतात. ज्यांच्या घरात फराळ त्याच पिशवीवर उभा राहायचा, त्यांच्यासाठी हा भाग अपुरा आहे हे मला कळतं.

आणि एक छोटी गोष्ट, आमच्या मुदखेडची. इथं फुलशेती आहे, गुलाब, काकडा, गलांडा. त्यामुळं सणात आमच्याकडं पैसा नुसता जात नाही, येतोही. झेंडू कुणी बघितलाय का दसऱ्याला? आदल्या दिवशी भाव चढलेला, दसऱ्याच्या सकाळी घासाघीस, आणि संध्याकाळी त्याच फुलांचे ढीग रस्त्याच्या कडेला टाकून शेतकरी घरी जातो. फूल तेच. मला वेळेचं हे गणित लहानपणापासून समोर दिसत होतं, तरी मी अडीच हजारांचं तिकीट काढलं.

तर या वर्षीची गोष्ट. महालक्ष्म्या बसल्या तेव्हा, म्हणजे पुण्यातल्या लोकांच्या गौरी, आम्ही परत हिशोबाला बसलो. सोळा भाज्या निवडता निवडता आईनंच विषय काढला. फंड व्यवस्थित चालला होता: माझी आरडी, तिची भिशी, अण्णांचे हळदीचे ८ हजार. सगळं मिळून ४६ हजारांच्या आसपास होणार होतं. अण्णा पहिल्यांदा म्हणाले, “औंदा सोयाबीन वाळवूनच द्यायचं. भाव ५,३२८ हाय म्हणं.” या वर्षीचा हमीभाव त्यांना तोंडपाठ होता. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

मग सप्टेंबरचा पाऊस आला. तुम्ही बातम्यांत बघितलंय, मराठवाड्यात काय झालं ते. आमच्या रानात चार दिवस पाणी उभं होतं. शेंगांना कोंब फुटले. जे निघालं ते चार क्विंटल, डागी, काळं पडलेलं. मदत जाहीर होईल तेव्हा होईल, खात्यावर येईल तेव्हा येईल.

गेल्या वर्षीसारखं सोयाबीनवर दिवाळी ठेवली असती तर या वर्षी अण्णांनी काय केलं असतं हे मला विचारायचं नव्हतं. त्यांनीच सांगितलं: “शेकडा तीननं आणले असते, आन तुला सांगितलं नसतं.”

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळे बसलो, ताई व्हिडिओ कॉलवर. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले की ह्यातले पंधरा हजार हरभऱ्याला द्या, बियाणं आणि खत. पैसा दिवाळीचा होता, तो मागताना त्यांना जड जात होतं, स्पष्ट दिसत होतं. भाऊ म्हणाला, “मला काही नको औंदा.” त्याला कुणी विचारलंही नव्हतं. घराला रंग नाही. माझे आणि अण्णांचे कपडे नाहीत. फटाके फक्त भाचीचे, पाचशेच्या आत. फराळ शेजारच्या काकूंबरोबर एकत्र, एकच कढई, चिवडा आमच्याकडं आणि चकली त्यांच्याकडं. ओवाळणीला हात लावायचा नाही असं आई म्हणाली. ताई म्हणाली, मला साडी नको. त्यावर अण्णांचा आवाज चढला, “तू गप बस. माहेरी येऊन रिकाम्या हातानं जाणार व्हय?” ताईची साडी यादीत राहिली. पंधरा हजार गेल्यावर दिवाळीला ३१ उरतात. यादी सध्या २९,६०० वर आहे, आणि ‘आठवत नाही’ या नावाचा एक रकाना मी मुद्दाम ठेवलाय, १,४०० चा.

काल संध्याकाळी हरभऱ्याच्या बियाण्याच्या पिशव्या आल्या. मागच्या खोलीत ठेवल्यात, गेल्या वर्षी जिथं मी चार्जर शोधत होतो तिथंच. हा भाग मी त्याच खोलीत बसून रेकॉर्ड करतोय, कारण इथं रेल्वेचा आवाज कमी येतो.

तुमच्या घरी भिशी, तारण, आरडी, जे काही चालतं, त्यात काय जमलं आणि कुठं फसलं ते व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात घेऊ. आता आई हाक मारायली, भाजणी दळून आणायचीय.